पोकळी कशी छापावी?

मातीच्या गोळ्याची भरीव गोटी वळणे कोणालाही जमते. त्याच गोळ्याची वाटी करणेही फारसे अवघड नाही. अंगठा दाबला की खळगा पडतो. पण गोळ्याच्या आतून, बाहेरून कुठेही न दिसता, वळणे घेत जाणारी दोऱ्याएवढी बारीक पोकळ नळी करून दाखवा असे वर्गात म्हटले, तर मुले विचारात पडतील. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि डॉक्टर याच कोड्याशी झटत आहेत. त्यांना हवी असलेली नळी तर दोऱ्याहूनही बारीक आहे.

अशा नळ्यांचे जाळे असलेल्या छोट्या तुकड्याला सूक्ष्मप्रवाही चिप म्हणतात. तुकडा काचेचा, सिलिकॉनचा, रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो. नळ्यांची रुंदी १०० मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या, आसपास किंवा त्याहून कमी. (आपला केस साधारण ७०-८० मायक्रोमीटर जाड असतो.) एका टोकाला रक्ताचा थेंब टाकायचा, नळीतून जाताना तो गाळला जातो, त्यात अभिकारक मिसळतो, घटक वेगळे होतात आणि दुसऱ्या टोकाला मोजमाप होते. परीक्षानळी, नरसाळे, पिपेट या सगळ्यांचे काम एका तुकड्यात. अशी चिप त्रिमिती मुद्रणाने, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर, छापता यावी यासाठी झालेल्या धडपडीची ही हकिकत आहे. भरीव वस्तू छापणे तुलनेने लवकर जमले. रखडले ते पोकळीपाशी.

एवढे लहान कशासाठी?

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात मधोमध रंगाची बारीक धार मिसळली. पाणी सावकाश वाहत असताना रंगाची रेघ दोरीसारखी सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे वाढवल्यावर ती अचानक मोडली आणि रंग सर्वत्र पसरला. प्रवाह शांत राहील की खळबळेल हे वेग, नळीचा व्यास, द्रवाची घनता आणि चिकटपणा या चौघांवर मिळून ठरते, हे रेनॉल्ड्सने दाखवले. या चौघांपासून मिळणाऱ्या संख्येला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीतला प्रवाह साधारणपणे हा अंक २००० च्या पुढे गेल्यावर खळबळू लागतो. आता ०.१ मिलिमीटर नळीतून सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने पाणी वाहते असे धरून हा अंक विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. उत्तर येते ०.१.

म्हणजे इथे खळबळीचा प्रश्नच नाही. दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते एकमेकांत घुसळले जात नाहीत, समांतर वाहत राहतात. मिसळतात ते केवळ रेणूंच्या भटकंतीने, म्हणजे विसरणाने. विसरणाचा हिशेब मोठा गमतीचा आहे: अंतर शंभरपट केले तर वेळ दहा हजारपट लागतो. शांत पाण्यात रंगाच्या लहान रेणूला ०.१ मिलिमीटर जायला दहाएक सेकंद पुरतात. १ सेंटिमीटर जायला त्याला एक दिवसाहून जास्त काळ हवा. बारीक नळीत ढवळावे लागत नाही, थोडे थांबले की पुरे. नमुना कमी लागतो, महागडी रसायने कमी लागतात, उष्णता पटकन निघून जाते. पाठ्यपुस्तकात हे फायदे ओळीने दिलेले असतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी ही वर्गाची करामत आहे.

पन्हळ आणि झाकण

१९७९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन टेरी आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या एका चकतीवर वायूंचे पृथक्करण करणारे उपकरण कोरले. त्यात दीड मीटर लांबीची नळी जिलबीसारखी वेटोळी घालून बसवली होती. हायड्रोकार्बन वायूंचे मिश्रण त्यातून दहा सेकंदांच्या आत वेगळे होत असे. प्रयोगशाळेतील नेहमीच्या यंत्राच्या मानाने आकार जवळपास हजारपटीने कमी. एवढे असूनही पुढची दहा वर्षे या कामाकडे फारसे कोणी वळले नाही. १९९० मध्ये बाझेल येथील सीबा-गायगी कंपनीत काम करणाऱ्या आंद्रेआस मान्झ यांनी दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या निबंधात नमुना घेण्यापासून मोजमापापर्यंतचे सगळे रासायनिक विश्लेषण एका लहान तुकड्यावर आणण्याची कल्पना मांडली, आणि त्यानंतर या विषयाला गती आली.

पण टेरीची नळी खरे तर नळी नव्हती. ती होती पन्हळ. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर उघडी चर खोदायची आणि वरून काचेचे झाकण घट्ट बसवायचे, म्हणजे आतमध्ये नळी तयार होते. मातीच्या गोळ्याच्या कोड्याला ही सर्वात सोपी पळवाट आहे: गोळा मधोमध कापा, चर पाडा, दोन भाग पुन्हा जोडा. चर पाडण्याची कला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांकडून आली. तिच्यासाठी धूळरहित खोली हवी, पिवळा दिवा हवा, हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी घातक रसायने हाताळणारी माणसे हवीत. एक नळी चुकली तर नवा साचा करण्यात आठवडे जात. त्यामुळे ज्या संस्थेत अशी खोली, तिथेच हा विषय.

१९९८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हा अडसर बराच खाली आणला. नळ्यांचे चित्र संगणकावर काढून छापखान्यात पारदर्शक फिल्मवर छापून घ्यायचे, त्यावरून एकदा साचा करायचा आणि त्यावर पीडीएमएस नावाचे पातळ सिलिकोन रबर ओतायचे. घट्ट झाल्यावर रबर साच्यावरून सोलून घ्यायचे आणि काचेवर चिकटवायचे. कल्पनेपासून उपकरणापर्यंत चोवीस तासांत पोहोचता येऊ लागले. जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत सूक्ष्मप्रवाही चिप शिरली ती या रबराच्या रूपाने. रसायनशास्त्रज्ञांची मात्र त्याच्याशी फारशी गट्टी जमली नाही. बरीच सेंद्रिय द्रावके लागली की हे रबर फुगते आणि नळ्या चेपतात. काही लहान रेणू ते स्वतःतच शोषून घेते. औषधाची मात्रा तपासायची आणि औषध भिंतीतच मुरायचे, असा प्रकार.

याच काळातील एक उदाहरण शिक्षकांना आवडेल. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे २००५ साली नवे विद्यापीठ सुरू झाले. तिथे मिशेल खाइन यांना चिप करायच्या होत्या, पण धूळरहित खोली नव्हती. त्यांना लहानपणीचे एक खेळणे आठवले: भट्टीत तापवले की आक्रसून लहान आणि जाड होणारे पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे. त्यांनी साध्या लेसर प्रिंटरने अशा पत्र्यावर रेघा छापल्या आणि पत्रा पाव भाजण्याच्या छोट्या भट्टीत ठेवला. पत्रा आक्रसला, रेघा अरुंद झाल्या आणि शाईचा थर उंचावला. झाला साचा तयार! हे काम २००८ मध्ये ‘लॅब ऑन अ चिप’ या संशोधन-नियतकालिकात छापून आले.

तरीही रबर असो की आक्रसणारा पत्रा, सगळीकडे पन्हळ आणि झाकण हीच जोडी. पन्हळी एकाच पातळीवर असतात. एक नळी दुसरीच्या वरून न्यायची, म्हणजे उड्डाणपूल बांधायचा, तर अनेक थर वेगवेगळे करून एकमेकांवर अचूक बसवावे लागतात. हे काम हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली करायचे. त्रिमिती मुद्रणाची ओढ इथून लागली.

दिव्याखाली घट्ट होणारा द्रव

ते तंत्र तोवर नवे राहिले नव्हते. जपानमधील नागोया येथील महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी अतिनील प्रकाशात घट्ट होणारा द्रव थराथराने गोठवून प्लास्टिकची वस्तू तयार करण्याची पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी पेटंटसाठी अर्जही केला होता, पण परीक्षणाची पुढची कार्यवाही मुदतीत झाली नाही. १६ जुलै १९८४ रोजी फ्रान्समध्ये तिघांनी मिळून अशाच पद्धतीसाठी अर्ज केला. त्यात धंदा दिसेना म्हणून त्यांच्या कंपनीने तो सोडून दिला. त्यानंतर तेवीस दिवसांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, कॅलिफोर्नियातील चार्ल्स हल यांनी अर्ज दाखल केला. टेबलांच्या पृष्ठभागावर लेप घट्ट करण्यासाठी अतिनील दिवे बनवणाऱ्या कंपनीत ते नोकरीला होते. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले, त्यांनी कंपनी काढली आणि जनक म्हणून त्यांचेच नाव पुस्तकांत गेले. शोध कोणाचा हे अनेकदा कचेरीतले कागद ठरवतात, त्याचे हे चांगले उदाहरण. हल यांनी १९८३ मध्ये या पद्धतीने केलेली पहिली वस्तू होती डोळे धुण्याची छोटी वाटी.

वाटी! म्हणजे उघडी पोकळी. ती सोपी.

बंद पोकळीकडे पहिले गंभीरपणे वळले ते पुन्हा जपानीच. १९९० च्या दशकात कोजी इकुता यांनी हे तंत्र सूक्ष्म आकारावर आणले, आणि पुढे नागोया विद्यापीठात, म्हणजे कोदामांच्याच शहरात, अशा रीतीने घडवलेल्या जीवरासायनिक चिप तयार केल्या. पण यंत्र त्यांचे स्वतः घडवलेले, इतरांना सहज न मिळणारे. त्यामुळे जग रबराच्याच वाटेने गेले.

आता मुख्य अडचण नीट पाहू या. उथळ ताटलीत द्रव आहे. त्यावर प्रकाशाचे चित्र पाडले की चित्राच्या उजळ भागातील द्रव घट्ट होतो आणि काळ्या भागातील तसाच राहतो. मग वस्तू एका थराने सरकवायची आणि पुढचे चित्र पाडायचे. (हे चित्र पाडणारा भाग म्हणजे बऱ्याच यंत्रांत लाखो सूक्ष्म आरशांची चिप असते. ती १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी शोधली. शाळेतल्या प्रोजेक्टरमध्येही बहुधा तीच असते.) नळी करायची तर काही थरांत नळीची जागा काळी ठेवायची. त्यानंतर नळीवर छत घालायचे. छताचा थर घट्ट करण्यासाठी वरून प्रकाश टाकला की तो छतातून आरपार खाली जातो, आणि नळीत साठलेला द्रवही घट्ट करू लागतो. छताच्या वर आणखी थर. प्रत्येक थराचा थोडा थोडा प्रकाश खाली. शेवटी नळी बुजते.

आकडे घालून पाहा. थर १० मायक्रोमीटर जाडीचा आहे आणि द्रवातून १०० मायक्रोमीटर गेल्यावर प्रकाश निम्मा होतो असे समजा. मग एका थरातून ९३ टक्के प्रकाश पार होतो. छताच्या पहिल्या थराच्या वेळी नळीच्या माथ्यावर ०.९३ मात्रा, दुसऱ्याच्या वेळी ०.९३ चा वर्ग, तिसऱ्याच्या वेळी घन. ही भूमिती श्रेढी झाली. छताचे थर कितीही घातले तरी तिची बेरीज सुमारे १४ च्या वर जात नाही. पण १४ म्हणजे एका थराला दिलेल्या मात्रेच्या चौदापट! आता द्रवात प्रकाश शोषणारा रंग घाला, इतका की दर १० मायक्रोमीटरला प्रकाश निम्मा व्हावा. श्रेढी होते अर्धा, पाव, अष्टमांश... आणि बेरीज १. नळीच्या माथ्याखाली २० मायक्रोमीटरवर तर ती पावच उरते. माथ्याला लागून थोडा द्रव तरीही घट्ट होतोच, म्हणून छताच्या थरांना मात्रा जपून द्यावी लागते. पण नळी बुजण्याचा धोका आटोक्यात येतो. आकडे सोयीचे घेतले आहेत. तर्क मात्र खरा आहे.

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ग्रेगरी नॉर्डिन आणि अ‍ॅडम वूली यांच्या गटाने २०१५ पासून हा हिशेब पद्धतशीरपणे मांडला. बाजारातले द्रव भरीव वस्तूंसाठी बनवलेले होते. कमी वेळात जाड थर घट्ट व्हावेत, म्हणून प्रकाश खोल जाईल असे. या गटाने स्वतःचा द्रव तयार केला आणि त्यात शोषक म्हणून घातले सुदान-१. लाल तिखटातील भेसळीमुळे बदनाम झालेला, आणि ज्याच्यामुळे २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवावे लागले, तोच हा रंग. नारिंगी दिसणारा पदार्थ निळा-जांभळा प्रकाश गिळतो, आणि प्रिंटरचा दिवा नेमका त्याच रंगाचा होता. २०१७ मध्ये त्यांनी यंत्रही स्वतः बांधले, ३८५ नॅनोमीटरचा दिवा वापरला, त्याला जुळणारा दुसरा शोषक निवडला आणि १८ मायक्रोमीटर रुंद, २० मायक्रोमीटर उंच छेदाची नळी छापून दाखवली. केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी, आणि झाकण न लावता. पुढे याच विद्यापीठात मुदतपूर्व प्रसूतीचा धोका सुचवणाऱ्या रक्तातील रेणूंच्या तपासणीसाठी अशा छापील चिपवर काम झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील कळीची पायरी हीच. बातम्यांत यंत्राचे कौतुक होते. इथे काम केले ते द्रवात घातलेल्या चिमूटभर रंगाने.

दुसरी वाटही आहे. वर्गात करून पाहावी. चायना ग्रास (अगर) पाण्यात उकळून पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ओतावे. डबीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना भोके पाडून त्यांतून आधीच एक सरळ तार ओवून ठेवावी. घट्ट झाल्यावर तार हलकेच ओढून घ्यावी. मागे नळी राहते. सुई नसलेल्या सिरिंजने तिच्यात रंगीत पाणी सोडावे. काही वेळाने रंग नळीबाहेर अगरमध्ये पसरताना दिसतो, ते विसरण. आता मुलांना विचारावे, नळी नागमोडी हवी असेल तर? वाकडी तार ओढून निघत नाही, निघालीच तर अगर फाटते.

मूर्तिकारांनी याचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. मेणाची प्रतिकृती करायची, तिच्याभोवती माती लिंपायची, मेण वितळवून काढून टाकायचे. २०१२ मध्ये जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन, संगीता भाटिया आणि सहकाऱ्यांनी मेणाऐवजी साखर घेतली. घरगुती पद्धतीच्या प्रिंटरमध्ये फेरफार करून त्यांनी साखरेच्या धाग्यांची जाळी छापली, तिच्यावर पातळ लेप दिला, भोवती जिवंत पेशी असलेला जेल ओतला आणि साखर विरघळवून काढली. राहिलेल्या पोकळ्यांच्या आतून रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या आणि त्यांतून रक्त वाहवले. इथे पोकळी छापलीच नाही. छापले ते भरीवच.

रसायनशास्त्राच्या बाजूने ग्लासगो विद्यापीठातील ली क्रोनिन यांच्या गटाचे काम पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकची तार वितळवून थर घालणाऱ्या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले, आणि बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या खुल्या आराखड्यांमुळे स्वस्त प्रिंटर पसरले. क्रोनिन यांनी २०१२ मध्ये अशाच साध्या यंत्रातून न्हाणीघरातील फटी बुजवण्याचे सिलिकोन पिळून अभिक्रियापात्रे छापली. काहींत उत्प्रेरक भिंतीतच मिसळला होता. भांडे हा अभिक्रियेचा निमूट साक्षीदार न राहता तिचा भाग झाला. २०१८ मध्ये त्यांनी डब्यांच्याच प्लास्टिकची, पॉलिप्रॉपिलीनची, एकाला एक जोडलेली पात्रे छापून त्यांत बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारे औषध तयार केले. या पात्रांना सूक्ष्म म्हणता येणार नाही. तार वितळवण्याच्या पद्धतीत नळ्या मिलिमीटरच्या घरात राहतात, आणि धाग्यांच्या फटींतून गळती होते ती वेगळीच.

मग उद्या प्रत्येक दवाखान्यात प्रिंटर येणार आणि चाचण्या तिथेच छापल्या जाणार, असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. एक नग हवा, आणि तो उद्या बदलून पुन्हा हवा, तर छपाईसारखे साधन नाही. लाख नग हवेत तर साचाच स्वस्त पडतो. गोव्यात वेर्णा येथील मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही क्षयाची चाचणी चिपवर चालते, यंत्र बॅटरीवर चालते, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. ती छोट्या केंद्रांत पोहोचली आहे ती कारखान्यातील घाऊक उत्पादनाच्या बळावर.

छापील चिपपुढे आणखी एक अडचण आहे, ती जिवंत पेशींशी संबंधित. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेत छापील तुकडे पाण्यात ठेवून त्यात झेब्रा माशांचे भ्रूण वाढवून पाहिले. प्रकाशाने गोठवलेल्या द्रवाचे तुकडे तारेच्या प्लास्टिकपेक्षा बरेच जास्त विषारी ठरले. छापून झाल्यावर त्यांना पुन्हा अतिनील प्रकाश दिला तेव्हा विषारीपणा कमी झाला. दोष मुख्यतः न गोठलेल्या द्रवाचा.

आणि न गोठलेला द्रव सर्वात जास्त कुठे असतो? नळीत. छपाई संपते तेव्हा पोकळी मोकळी नसते, त्या चिकट द्रवाने काठोकाठ भरलेली असते. तो बाहेर ओढून नळी धुवावी लागते. इथे पॅरिसचे डॉक्टर प्वाझय आडवे येतात. रक्तवाहिन्यांतील प्रवाह समजून घेण्यासाठी त्यांनी १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले आणि दाखवले की दाब तोच ठेवला तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. व्यास निम्मा केला की प्रवाह सोळावा हिस्सा. ६० मायक्रोमीटरच्या नळीऐवजी २० मायक्रोमीटरची तेवढीच लांब नळी घेतली, तर तेवढाच द्रव त्याच दाबाने बाहेर काढायला ८१ पट वेळ.